नववी चिप आणि चोविसावा नंबर

गुणाजी बुवांच्या भजनी मंडळाचा नंबर चोविसावा आला. स्पर्धेत मंडळं चोवीसच होती.

तेविसाव्या नंबरावर जे मंडळ होतं, त्यांचा पखवाज दुसऱ्याच अभंगात फुटला होता आणि ते रिक्षा करून घरी गेले होते.

रविवारी संध्याकाळी मुलुंड पूर्वेच्या मैदानात निकाल वाचला गेला, तेव्हा लोक आधी हसले. बुवा अकरा वर्षं पहिले येत होते. वाचणाऱ्याने कागद उलटा धरला असेल, असं सगळ्यांना वाटलं. कागद सुलटाच होता. त्याच्या दोन्ही कडांना भोकं होती, आणि त्यावर कॉम्प्युटरने स्वतः छापलं होतं: गुणाजी बुवा, एकूण ३६०. पहिले काशीराम बुवा, ५३५.

मग परीक्षकांचे कागद काढले. तीन परीक्षक, प्रत्येकाचे दोनशेपैकी गुण. गुणाजी बुवांना १८१, १७६ आणि १७९. बेरीज ५३६. सातवी नापास माणसालाही जमली.

सोमवारी दुपारी जयवंतच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात फोन वाजला.

"जयवंत, मी सुलक्षणा. आत्ताच्या आत्ता ये. सर मला आज पाच वाजता कामावरून काढणार आहेत."

सुलक्षणाच्या फोनची जयवंत दोन वर्षं वाट बघत होता. मजकूर जरा वेगळा असेल असं वाटलं होतं, एवढंच.

"झालं काय?"

"कालचा भजनाचा निकाल आमच्या कॉम्प्युटरने काढलाय. त्याच्या मेमरीला स्वतःची चूक दुरुस्त करता येते की नाही, ते तपासायचंय. येत असेल तर चूक माझी. चंद्रप्रकाश म्हणाला, तुला त्यातलं कळतं."

शेवटचं वाक्य सोडलं तर फोन झकास होता.

चंद्रप्रकाश हा माणूस जयवंतच्या छातीत गेले आठ महिने खडा होऊन बसला होता. तो कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. केस मागे वळवायचा. बोलताना "लॉजिकली" म्हणायचा. आणि सुलक्षणाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पगार घ्यायचा. जयवंत तिथल्याच टायपिंग क्लासात दोन वर्षं फी भरून बसला होता, तेही बाहेरच्या खोलीत.

*

पिठाच्या गिरणीच्या वर पहिल्या मजल्यावर धोंडिराम टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पाटीवर खाली नव्या रंगात "व कॉम्प्युटर सेंटर" असं घातलं होतं. जिन्यात पिठाचा आणि डांबराचा वास एकत्र येत होता. शनिवारी गच्चीला डांबर मारलं होतं.

बाहेरच्या खोलीत टाइपरायटर आणि वनमालाबाई. बाराची सात मशीनं उरली होती. पाच शुक्रवारी भंगारात गेली होती, त्यांच्या जागी टेबलांवर चौकोनी स्वच्छ डाग होते. आतल्या खोलीत, काचेच्या पार्टिशनमागे, एक कॉम्प्युटर. त्याला गालिचा होता, एसी होता, हार होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. गाभारा म्हणजे दुसरं काय असतं?

जयवंत शिरला तेव्हा एक नवी मुलगी रडकुंडीला आली होती.

"बाई, एकचा आकडा कुठंय? वरची लाइन दोनपासून सुरू होते."

"एक नाहीच आहे. स्मॉल एल मार. बावीस वर्षं मारतेय, कोणी तक्रार नाही केली. मान वर! बोटांकडे बघू नको!" वनमालाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय रे अठरा, तू इथे कसा?"

बाई विद्यार्थ्यांना त्यांच्या स्पीडने हाक मारत. जयवंत दोन वर्षांनीही मिनिटाला अठरा शब्दांवर होता, कारण दोन वर्षं तो काचेपलीकडे बघून टाइप करत होता. सुलक्षणा त्यांची लाडकी, 'साठ'. चंद्रप्रकाशला त्या 'दोन बोटं' म्हणत. तो दोन्ही तर्जनींनी कळा शोधत टाइप करायचा.

"आत जातोस? जा बाबा. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. माझी मशीनं विकून त्याच्यासाठी एसी आणलाय. घाम त्याला येतो म्हणे."

जयवंतने चपला काढल्या. चंद्रप्रकाशचे लेसवाले बूट आधीच तिथे होते. ते बघूनही त्याला राग आला.

*

आत चौघं होते. धोंडिराम सर सफारीत. गुणाजी बुवा खुर्चीच्या टोकावर. सुलक्षणा उभी, डोळे लाल. आणि मोजे घातलेला चंद्रप्रकाश.

"माका एक सांगा," बुवा म्हणाले, "ह्या मशीनीक कान खंय आसत?"

"बुवा, ते फक्त बेरीज करतं," धोंडिराम सर म्हणाले. "आणि चुकत नाही. विकणाऱ्याने मला तोंडावर सांगितलंय, चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करतं. म्हणजे चुकलं कोण? माणूस. माणूस कोण? ही."

"सर, मी काल सकाळी अकरा वाजता सगळे गुण टाकले," सुलक्षणा म्हणाली. "लगेच यादी छापली, परीक्षकांच्या कागदांशी ताडली. ही बघा. बुवांसमोर १८१, १७६, १७९. बरोबर आहे ना?"

"आणि निकाल?" जयवंतने विचारलं.

"चार वाजता काढला. तोवर मशीन चालूच होतं, सगळं मेमरीत होतं. निकाल छापून मग फ्लॉपीवर ठेवलं. आज सकाळी फ्लॉपी लावली तर स्क्रीनवर मधला आकडा १७४ दिसतोय."

"तरी बेरीज ५३४ यायला हवी. दुसरा नंबर. ३६० कुठून आले?"

"ताच तर!" बुवा म्हणाले. "दोन मार्कांसाठी मी रडलंय नसतंय."

चंद्रप्रकाशने केस मागे घेतले. "लॉजिकली, बिट उडालंय. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ दिवे, काही लागलेले, काही विझलेले. सहामधला एक दिवा विझला की त्याचा चार होतो. अवकाशातून किरण येतात, ते मेमरीत घुसतात."

"मुलुंडात?" बुवांनी विचारलं.

"सगळीकडे येतात."

"मग नेमके माज्याच मार्कार कशे पडले? काशीरामाक काय छत्री होती?"

चंद्रप्रकाशने पुन्हा केस मागे घेतले.

जयवंतला मात्र चंद्रप्रकाशचं बोलणं आवडलं. प्रोग्राम त्याचा. मशीन त्याच्या हातात. आणि दोष देतोय अवकाशाला! इतका गुन्हेगारासारखा माणूस त्याने पाहिला नव्हता.

"तीन शक्यता आहेत," तो म्हणाला. "मेमरीत पहारेकरीच नसेल, तर दिवा गपचूप उडू शकतो. मग मशीनची चूक, सुलक्षणा सुटली. चूक दुरुस्त करणारी मेमरी असेल, तर कुठला दिवा उडाला ते तिला कळतं आणि ती तो परत लावते. मग मशीन निर्दोष."

"आणि तिसरी?"

"आधी उघडतो."

झाकण निघालं. आत काळ्या चिप्स शाळेच्या प्रार्थनेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या होत्या. जयवंतने बोट ठेवून मोजल्या. आठ असत्या तर पहारा नाही. सुलक्षणा श्वास रोखून बघत होती, आणि यावेळी खरंच त्याच्याकडे बघत होती. त्याने पुन्हा एकदा मोजल्या, थोड्या सावकाश.

"नऊ. प्रत्येक रांगेत नऊ."

"म्हणजे दुरुस्त करतं?" धोंडिराम सर उठलेच.

"नाही. दुरुस्तीला यापेक्षा कितीतरी जास्त चिप्स लागतात, आणि बोर्डावर तशी जागाच नाही. विकणाऱ्याने थाप मारली. नववी चिप फक्त लागलेले दिवे सम की विषम ते लक्षात ठेवते. एक दिवा उडाला की हिशेब जुळत नाही. गडबड झाली एवढं कळतं. कुठे झाली ते नाही."

बुवांनी मान हलवली. "म्हणजे कोरसात कोणतरी बेसूर झालो ह्यां कळता, पण खयचो तां कळणा नाय."

"तंतोतंत. अशा वेळी तुम्ही काय करता, बुवा?"

"भजन थांबवतंय."

"मशीनही तेच करतं."

खात्रीसाठी त्याने एका रांगेतली नववी चिप उपटली आणि मशीन चालू केलं. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं ठप्प झालं. कळा दाबा, हार बदला, काही उपयोग नाही. चिप परत बसवल्यावर गाडी सुरळीत.

"काल अकरा ते चार मशीन असं अडकलं होतं?"

"एकदाही नाही," सुलक्षणा म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं.

"मग दिवा उडाला नाही," जयवंत जड आवाजात म्हणाला. "आकडा माणसाने बदलला."

धोंडिराम सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

*

"काल दुपारी इथे कोण कोण होतं?"

"मी घाटकोपरला मुख्य पाहुण्यांना आणायला," धोंडिराम सर म्हणाले. "आणि मला टायपिंग येत नाही."

"तुमची इन्स्टिट्यूट आहे, सर."

"मालक आहे. सर्टिफिकेटवर सही करतो."

"सुलक्षणा, तू?"

"एक ते दोन जेवायला. खाली, बाकावर. एकटी." ती खिडकीकडे बघत होती.

"चंद्रप्रकाश?"

"मी इथेच. एक ते दोन. एकटाच होतो. कोणी आत आलं नाही."

"कोणी बघितलं तुला?"

"माझे बूट बाहेर होते. बाईंना विचार."

वनमालाबाईंनी दारातूनच सांगितलं, "हो, होते ना. एकपासून दोनपर्यंत. काल क्लासला सुट्टी, मी मशीनांना तेल घालत बसले होते."

जयवंतच्या छातीतला खडा विरघळला. माणूस खोलीत एकटा असल्याचं स्वतः सांगतोय! बूट साक्षीला! कारणही असेलच, काशीराम बुवांचा भाचा वगैरे निघेल. जयवंतला तर काशीराम बुवांचं नाकही आता चंद्रप्रकाशसारखं वाटू लागलं. त्याने डोळ्यांपुढे चंद्रप्रकाशला पोलिसांच्या गाडीत बसवलं, खिडकीशी.

आणि त्याच वेळी चंद्रप्रकाश पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसला.

मोजे पांढरे होते. तळवे काळे होते. कुळकुळीत, चिकट, दोन्ही.

जयवंतने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. गालिच्यावर चालून तळव्याला डांबर लागत नाही.

"जरा बाहेर ये," तो म्हणाला.

जिन्यात चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला.

"काल गच्चीवर काय करत होतास?"

"गच्ची? कुठली गच्ची?"

"मोजे कालचेच आहेत."

"आठवड्याला एक जोड असतो यार." चंद्रप्रकाशने इकडेतिकडे पाहिलं. "ऐक. लेस बांधायचा कंटाळा येतो, म्हणून मोज्यांवरच वर गेलो. सुलक्षणा होती वर. डबा खात होतो. सरांना कळलं तर आमची वाट लागेल. तिला काढतील आणि तिच्या घरीही सांगतील."

"डब्यात काय होतं?"

"त्याचा काय संबंध?"

"तपास आहे."

"बांगड्याचं तिखलं. आणि तांदळाची भाकरी."

जयवंत भिंतीला टेकला. या तिखल्याची चौकशी त्याने दोन वर्षांत चार वेळा केली होती. चारही वेळा तिने कृती सांगितली होती.

आता गप्प राहिलं तर चंद्रप्रकाश संपला. स्वतःच्याच तोंडाने सांगितलंय, एकटा होतो. जयवंतला फक्त काही न बोलण्याचं काम होतं, आणि दोन वर्षांच्या सरावाने ते त्याला उत्तम जमत होतं.

पण मग आकडा बदलला कोणी? हा वर होता. ती वर होती. बुटांनी तासभर रिकाम्या खोलीची राखण केली.

"चल आत," तो म्हणाला. "फ्लॉपी लाव. मधल्या आकड्यातल्या एकेका अक्षराचा कोड बघायचाय. स्क्रीनवर दिसतं ते नाही. मेमरीत आहे ते."

चंद्रप्रकाशने दोन बोटांनी आज्ञा टाइप केली. आधी १८१ चे कोड आले: ४९, ५६, ४९.

मग मधल्या १७४ चे.

१०८, ५५, ५२.

"अरे," चंद्रप्रकाश म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यापुढे लॉजिकली म्हणाला नाही.

"बाकीचे एकाहत्तर आकडे तपास. सगळे एकनेच सुरू होतात."

एकाहत्तर वेळा ४९ आले.

*

पाचला पाच कमी असताना जयवंतने सगळ्यांना बसवलं. वनमालाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"सर, या मशीनमध्ये एकाचा कोड ४९ असतो. बुवांच्या मधल्या आकड्यात पहिलं अक्षर १०८ आहे. तो एक नाहीच. तो इंग्रजी स्मॉल एल आहे. स्क्रीनवर सारखाच दिसतो. पण प्रोग्राम आकडे वाचायला निघाला, पहिल्यालाच अक्षर भेटलं, तो तिथेच थांबला आणि शून्य धरून पुढे गेला. १८१ आणि १७९. तीनशे साठ."

"म्हणजे बेरीज बरोबर!" धोंडिराम सर म्हणाले.

"बेरीज बरोबर. आता, एक दिवा उडाला तर सहाचा चार होतो, हे चंद्रप्रकाशचं खरं. पण एकाचा एल व्हायला त्याच आकड्यात आणखी पाच दिवे एकदम उडायला हवेत. आणि पाच काय, एक उडाला तरी नववी चिप भजन थांबवते. थांबवलं नाही. म्हणजे हा आकडा कोणीतरी नव्याने टाइप केला. असा माणूस, ज्याचं बोट एक म्हटलं की आपोआप एलवर जातं."

बाहेर कोणीतरी टाइपरायटरची घंटी वाजवली.

"चंद्रप्रकाश कळा शोधून टाइप करतो, त्याला एक सापडतो. सरांना टायपिंग येत नाही. एलची सवय तिघांना. एक मी. काल मी दुकानात होतो, आणि अठराच्या स्पीडने अजून टाइपच करत असतो. दुसरी सुलक्षणा."

"बघा!" सर म्हणाले.

"तिने बाकी सगळीकडे एक बरोबर मारलाय. शिवाय एक ते दोन ती इथे नव्हती." जयवंतने सुलक्षणाकडे बघायचं टाळलं. "गच्चीवर जेवत होती. चंद्रप्रकाशबरोबर. त्याच्या मोज्यांना डांबर आहे. बूट बाहेर होते, पण खोली रिकामी होती."

"गच्चीवर? दोघं?"

"जेवत होते, सर. फक्त जेवत होते." हे वाक्य सर्वात जास्त आपल्यालाच पटवायचंय, हे त्याला जाणवलं. "तिसरा माणूस काल बाहेर मशीनांना तेल घालत होता. काचेतून सुलक्षणाला आकडे टाकताना, बदलताना बघत होता. बुटांनी त्यालाही फसवलं असतं, पण त्याने दोघांना जिना चढताना पाहिलं असणार. तरी आज मला फक्त बूट सांगितले."

"पुरे, अठरा," वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि आत आल्या.

"मी केलं. दोन मार्क कमी करायचे होते, बस. बुवा दुसरे आले असते. बुवा गप्प बसणारे नाहीत, कागद मागितले असते, आणि सगळ्या मुलुंडाला कळलं असतं की हा डबा चुकतो. मग सर, तुम्ही माझी उरलेली सात मशीनं विकली नसती. त्याचा शून्य होईल हे मला काय ठाऊक?"

"बाई, तुम्ही मशीनवर जळलात?" धोंडिराम सर खुर्चीतून अर्धे उठले.

"जळले. पोरं आधी माझ्याकडे बघायची. आता काचेकडे बघतात. तुम्ही त्याला हार घालता. बावीस वर्षांत मला एक गजरा आणलात?" त्या सुलक्षणाकडे वळल्या, आणि आवाज फुटला. "पण तुझ्या नोकरीवर येईल असं नव्हतं गं वाटलं. सकाळपासून सांगेन सांगेन म्हणत होते. धीर झाला नाही."

सरांनी घसा साफ केला. "बाई, उद्यापासून..."

"त्या गेल्या तर मी पण जाते," सुलक्षणा म्हणाली.

"तुला ठेवलीय की आता!"

"मला बोटं त्यांनी दिली, सर. आणि मी एकटीने टाकलं, एकटीने तपासलं, म्हणून हे झालं. जयवंत, चूक दुरुस्त करणारी मेमरी या मशीनला बसते का?"

"नाही बसत. पण मोठ्या ऑफिसांत एकाने टाकलेले आकडे दुसरा परत टाकतो. दोन्ही जुळले नाहीत की थांबायचं, मूळ कागद बघायचा आणि दुरुस्त करायचं. त्याला फास्ट माणूस लागतो."

"पुढच्या महिन्यात दहावीच्या सराव परीक्षेचं काम आहे," सर स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "चार हजार पोरं." त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग बुवांकडे. "बुवा, तुमचं काय म्हणणं? नुकसान तुमचं झालंय."

"माजी पयल्या नंबराची ढाल आज घराक येऊक होयी," बुवा म्हणाले. "बाकी, बाईंचा मन माका कळता. काशीरामान नवो हार्मोनियम घेतलो, तेवा मी तीन दिवस जेवलंय नाय."

बाई खुर्चीवर बसल्या. सुलक्षणाने चोवीस मंडळांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि वरच्या ओळीतली एक कळ दाखवली. बाईंनी मान वर केली, बोटांकडे बघायचं सोडून समोर पाहिलं, आणि सुरुवात केली.

बहात्तर आकडे. आवाज वेगवेगळे येतच नव्हते, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा एकच सूर. सुलक्षणाची पाच मिनिटं गेली होती तिथे बाईंना दीड मिनिट लागलं, आणि चूक एकही नाही. सुलक्षणा तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिली. फक्त त्यांच्याकडे.

कोपऱ्यात चंद्रप्रकाश आपल्या दोन तर्जनींकडे बघत होता. मग त्याने बाईंकडे पाहिलं, मग सुलक्षणा कुठे बघतेय ते पाहिलं. त्याचा ओठ एका बाजूला ओढला गेला, नाकपुड्या किंचित फुलल्या, आणि "छे, त्यात काय एवढं" असं काहीतरी तो पुटपुटला.

जयवंतने तो चेहरा लगेच ओळखला. रोज सकाळी दाढी करताना तोच त्याला आरशात दिसायचा.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला चंद्रप्रकाशबद्दल आपुलकी वाटली.

"चल रे," त्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "खाली चहा मारू. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे."